पेवाच्या तोंडाशी

मला वास येत नाही. २०२०च्या साथीत गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. त्याला आता तेवीस वर्षं झाली. दूध उतू गेलं तर आवाजावरून कळतं आणि भाजी जळली तर धुरावरून. एवढ्यावर माणूस आरामात जगतो, मी जगतेच आहे.

सांगायची गोष्ट अशी की अशी मी, गेली अकरा वर्षं वास तयार करते. देशभरातले लोक डोळे मिटून ते हुंगतात आणि रडतात. बहिऱ्याने गाणं शिकवावं तशातला हा प्रकार, पण रसायनशास्त्राला नाक लागत नाही. मी विद्युल्लता मगदूम. पस्तीस वर्षं सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. वासातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र समोर असलं की कुठल्या वासात काय किती आहे हे मला कागदावर दिसतं. बाकीच्यांना नुसताच वास येतो.

हे सगळं मी केलं ते माझ्या भाचीसाठी, त्रिशलासाठी. गंध आणि ध्वनी एकत्र बांधणारी कलावंत म्हणून तिचं नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. तिच्या प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे सुचलं कुठून?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं असतं, "पेवाच्या तोंडाशी."

पेव म्हणजे काय ते सांगते, कारण हरिपूरच्या बाहेर आता ते कुणाला ठाऊक नाही. आमचं हरिपूर सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर. इथली माती अशी की तिच्यात वीस-पंचवीस फूट खोल, रांजणाच्या पोटासारखा खड्डा खणला तरी तो ढासळत नाही. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. वर्षा-दोन वर्षांनी उघडलं तरी आत किडा नाही की बुरशी नाही. कारण आत हवाच नसते. आणि हवा नसते म्हणूनच उघडलेल्या पेवात कुणी लगेच उतरत नाही. आधी तोंड चार-पाच तास मोकळं ठेवायचं. मग दोरीने कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं, जळत राहिला तर कमरेला दोर बांधून माणूस उतरणार. आणि तो खाली असेपर्यंत घरचं एक जण तोंडाशी बसून त्याला सतत हाक मारणार. उत्तर आलं नाही की दोर ओढायचा.

आमच्या घरात उतरणारा होता माझा थोरला भाऊ आदगोंडा. त्याला सगळं गाव अण्णा म्हणे, मीही आणि त्याची मुलगीही. आणि हाक मारणारी होती त्रिशला, वय वर्षं सात.

"अण्णा, हाय का?"

"हाय गंऽऽ!"

तो आवाज पेवाच्या पोटातून फिरून, मोठा आणि गोल होऊन वर यायचा, आणि त्याच्याबरोबर हळदीचा वास. एकाच भोकातून दोन्ही. त्रिशला म्हणते तिची सगळी कला तिथे सुरू झाली, आणि मला ते पटतं. घरात पुस्तकी बोलणारी मी एकटी. कॉलेजात शिकवायचं म्हणून मी माझं बोलणं घासूनपुसून स्वच्छ केलं होतं. अण्णा मला 'रेडिओ' म्हणायचा. "रेडिओ लागला, आता गप बसा," असं म्हणून हसायचा.

२०१९च्या महापुरात आमच्या दोन पेवांपैकी एक गेलं. बारा वर्षांनी अण्णा गेला, बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना.

त्रिशला पुण्यात ध्वनिमुद्रण शिकली. चार वर्षं तिने मालिकांना दारं करकरण्याचे आणि बांगड्या वाजण्याचे आवाज पुरवले. अण्णा गेल्यावर परत आली आणि म्हणाली, मला वासाचं काहीतरी करायचंय. तिचा पहिला प्रयोग सांगलीतच झाला, नाव 'गुऱ्हाळ'. चरकाचा आवाज, काहिलीचं रटरटणं, आणि पंख्यांनी सोडलेला गुळाचा वास. पण वासाला आवाजाचा वेग नसतो. पहिल्या रांगेला चरक फिरण्याआधीच गूळ मिळाला. शेवटच्या रांगेत बसलेल्या आमच्या गावच्या जिन्नाप्पा खोतांना तो मिळाला तेव्हा ते घरी जायला रिक्षात बसले होते, असं ते अजून सांगतात.

मला हसू आलं आणि रागही आला. वेळेवर न येणं मला कुणाचंच खपत नाही, मग तो विद्यार्थी असो की वास.

तेव्हा मी डबा तयार केला. प्रत्येक खुर्चीला एक डबा. त्यात चाळीस छोट्या कुप्या, आणि नाकापाशी एक बारीक नळी. ऐकणाऱ्याच्या गळ्यात एक पट्टी, ती श्वास ओळखते. माणूस श्वास आत घ्यायला लागला की सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात वास नाकात, आणि नेमका त्याच क्षणी कानात तो स्वर. रचना सगळ्यांना एकच, पण तिची लय ज्याच्या-त्याच्या श्वासावर टांगलेली. वासही मी गाळून, निवडून घेतले. धूळ, धूर, कुबटपणा, जे जे म्हणून अशुद्ध ते काढून टाकलं. राहिला तो नुसता अर्क.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंच आहे. 'रविवार', 'वसतिगृह', 'इस्पितळ', एकापाठोपाठ एक रचना. कोचीला लोक उठून उभे राहिले, दिल्लीला उठायलाच तयार होईनात. गेल्या माघात एका मसाल्याच्या कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला, फोडणीच्या वासाला आमची धून जोडून द्या. त्रिशलाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मला वाटलं, कलावंताचा ताठा. तेव्हाच मी तिला कारण विचारायला हवं होतं.

गेल्या फाल्गुनात, सकाळी दहाच्या सुमाराला एक गृहस्थ दारात आले. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात स्टीलचा डबा.

"गंधाचा कार्यक्रम करत्यात त्या मॅडम हितंच ऱ्हात्यात का?"

"तिकिटं इथे मिळत नाहीत," मी म्हणाले.

"तिकीट नगं ओ बाई. कार्यक्रम बघून झालाय माझा. गेल्या म्हैन्यात कोल्हापुरात, लेकीनं न्हेलं हुतं. मी बाळगोंडा चौगुले, एसटीत डायवर हुतो. एकवीस वर्सं मिरज-चिपळूण." ते ओसरीवर टेकले. "तक्रार न्हाई माझी. लई ग्वाड कार्यक्रम. पर तवापास्नं माझी बायको गेली."

"अरेरे. कधी गेल्या?"

"तशी गेली सा वर्सांपूर्वी. गेल्या म्हैन्यात परत गेली."

त्यांनी डबा उघडून दाखवला. आत शिकेकाईच्या शेंगा होत्या.

बायको गेल्यापासून दर रविवारी सकाळी ते शिकेकाई उकळायचे. डोक्यावर केस किती उरलेत हे टोपीवरून दिसतच होतं, केसांसाठी ते उकळत नव्हते. "घरात वास पसरला की राजमती यायची. म्हंजे मी येडा न्हाई, बाई. पर तिचा हात यायचा डोक्यावर. बोलायची. तुमच्या त्या रविवारच्या कार्यक्रमात शिकेकाईचा वास आन् सारंगी हाय न्हवं? आता घरात वास आला की सारंगी वाजतीया. निस्ती सारंगी. मी हाका मारतोय, तर सारंगी."

असं काही होत नसतं, हे मी त्यांना समजावून सांगणार होते. तेवढ्यात त्रिशला आतून आली. तिने सगळं ऐकलं असावं.

"चेहरा येतो का, काका?"

"येतो की. फोटूतला."

ती त्यांच्या शेजारी खालीच बसली. असं कसं होईल, हे तिने एकदाही विचारलं नाही.

तीन दिवस मी वाचत बसले आणि चौथ्या दिवशी मला घाम फुटला. शाळेत शिकवतात त्यापेक्षा वासाचं गणित वेगळं आहे. डोळ्यांचं, कानांचं, त्वचेचं सगळं आधी मेंदूच्या मधल्या ठाण्यावर हजेरी लावून पुढे जातं. वास मात्र आठवणी आणि भावना जिथे राहतात त्या घरात मागच्या दाराने थेट शिरतो. म्हणून तर एका वासाने माणूस चाळीस वर्षं मागे जातो. आता दुसरी गोष्ट. आठवण ही फळीवरची बरणी नव्हे, की काढली, पाहिली आणि होती तशी ठेवली. प्रत्येक वेळी बाहेर काढली की ती काही तास ओली होते आणि मग पुन्हा वाळते. सारवलेल्या अंगणासारखं. ओलं असताना त्यावर जो चालेल त्याची पावलं उमटतात.

शिकेकाईच्या वासाने चौगुल्यांची राजमती बाहेर आली. आणि नेमक्या त्या क्षणी, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, माझ्या डब्याने तिच्यावरून सारंगी नेली. एकदा नव्हे, त्या तासाभरात दोनशे वेळा. पंखे होते तेव्हा हे होत नव्हतं. वास उशिरा यायचा, चुकायचा, लोक खोकायचे आणि आठवणी सुखरूप घरी जायच्या. घात केला तो माझ्या वक्तशीरपणाने.

त्रिशलाने आजवरच्या सगळ्या श्रोत्यांना पत्र पाठवलं, तुमचं काही हरवलं असेल तर कळवा. सतरा हजार पत्रं गेली. बहुतेकांचं काही हरवलं नव्हतं, किंवा हरवल्याचं त्यांना कळलं नव्हतं. नव्वद-एक जणांनी चौगुल्यांसारखंच लिहिलं. आणि नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, 'इस्पितळाच्या वासाने मला माझ्या मुलाचे शेवटचे आठ दिवस दिसायचे. आता बासरी ऐकू येते. कृपा करून काहीही परत देऊ नका.'

ते पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. "बघ, यात चांगलंही आहे."

"हाय की," त्रिशला म्हणाली. "पण त्यांनी मागितलं नव्हतं, आत्या. आपण न विचारताच दिलं." आणि उठून आत गेली.

चौगुल्यांवर उपाय करायचा मी चंग बांधला. माझा तर्क सरळ होता. जोड लागली ती आवाजाची, तर वास निःशब्द द्यायचा. वेळही कधी लवकर, कधी उशिरा. हळूहळू जोड सुटेल. चौगुले रोज नऊच्या बसने यायचे, मागच्या पडवीत डब्यासमोर बसायचे आणि मी समोर वही घेऊन. पुण्याला त्रिशलाची नवी रचना 'हळद' पहिल्यांदा सादर व्हायची होती, त्याला सहा आठवडे होते. तिने तालीम बंदच केली होती. ती येऊन दाराच्या चौकटीत उभी राहायची आणि चौगुल्यांचा चेहरा बघायची. परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखी बघायची.

चौदाव्या दिवशी सारंगी गेली.

"गेली?" मी वहीत लिहायला लागले. "छान! आता काय येतं?"

"कायच न्हाई." चौगुले हातातली टोपी फिरवत होते. "वास येतोय, आन् पुढं कोरं. बाई, राग मानू नका, पर सारंगी बरी हुती."

चौकटीतून त्रिशला निघून गेली. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौगुले आले ते मला पढवायलाच. "एक सांगू का? तुमचा वास आन् खरा वास एक न्हाई."

"घटक तेच आहेत. मोजून घेतलेत."

"आसतील. पर तुमचा झोंबत न्हाई."

"झोंबायला नकोच. शेंगांची भुकटी मी काढून टाकली आहे. तिने डोळ्यांना त्रास होतो."

"व्हय की," चौगुले म्हणाले. "त्योच तर."

मी वही मिटली. ज्याला वास येतो त्याने हे अकरा वर्षांपूर्वीच ओळखलं असतं. माझ्या कागदावर मात्र ती फक्त अशुद्धी होती.

त्यांनी स्वतःच खलबत्ता मागितला आणि शेंगा कुटायला बसले. ठसका लागला, शिंका आल्या. गेली सहा वर्षं ते शेंगा अख्ख्याच उकळत होते, कुटायची ती राजमती. त्रिशलाने कोमट पाणी आणलं. मागच्या दगडावर चौगुले वाकून बसले आणि तिने लेकीसारखं त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी घातलं, शिकेकाई चोळली. एक ओघळ कपाळावरून खाली उतरला आणि सरळ डोळ्यात गेला.

"आई गंऽ!" चौगुले ओरडले. आणि डोळ्याकडे नेलेला हात त्यांनी मधेच थांबवला. त्रिशलाने तांब्या खाली ठेवला.

"काका?"

"डोळं मीट म्हनलं तर मिटायचं न्हाई," चौगुले म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण बोलत कुणी वेगळंच होतं. "हितं काय एसटी चालवतोयस व्हय? समोर बघायला घाट हाय का काय?" ते हसायला लागले. "आशी म्हनायची. दर रविवारी. कुंभार्लीच्या घाटाची धूळ आसायची डोक्यात, ती काढायची आन् शिव्या घालायची. आली ओ, बाई! आली!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं शिकेकाईचं किती आणि बाकीचं किती, हे मोजणारं यंत्र माझ्याकडे नाही. मी पदर डोळ्यांना लावला. मला झोंबलं होतं, एवढंच सांगते.

माझा डबा सगळ्या वाटा बंद करू शकला नव्हता. गाळलेल्या वासावर त्याने कब्जा केला, पण जे मी कचरा म्हणून फेकलं होतं, त्या वाटेने ती बाई परत आली.

चौगुले गेल्यावर त्रिशला दगडावरच बसून राहिली. हात अजून फेसाळलेले होते.

"आत्या, पुण्याला मी काल कळवलंय. 'हळद' होणार न्हाई."

"डोकं फिरलं का तुझं? दोन वर्षं खपलीस त्यावर!"

"त्यावरच खपले." तिने हात धुतले. "अण्णाचा वास मी कधीच वापरला नव्हता, तुला ठाऊक हाय. सगळे वास वापरले, तेवढा मागं ठेवला होता. मग वाटलं, आता झालेच की पस्तीस वर्षांची, आता करू. चाळीस तालमी केल्या, गळ्यात पट्टी घालून. पौषात मार्केट यार्डात गेले. नव्या हळदीचे ढीग लागलेले. उभी राहिले, आणि माझीच रचना वाजायला लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक सूर चुकला न्हाई. वाटलं, इतक्या तालमींनी माझ्या एकटीचंच असं झालं असेल." तिने माझ्याकडे बघितलं. "अण्णाचा आवाज कसा होता गं?"

लग्नातल्या चित्रफिती आहेत आमच्याकडे. त्यात अण्णा फोटोसाठी उभं राहिल्यासारखा बोलतो. पेवातला आवाज कुणी कधी मुद्रित केला नव्हता. रोज येणारा आवाज कोण मुद्रित करून ठेवतं?

मला एकाएकी कळलं की चौगुल्यांवर ती विश्वास का ठेवून बसली आणि रोज चौकटीत उभी राहून कशाची वाट बघत होती. तिच्या बापाला मी गाळून काढलं होतं. आणि माझा भाऊ माझ्याजवळ धडधाकट होता, कारण माझं नाकच बंद होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या हौसेनं डबा केलास," ती म्हणाली.

आमचं उरलेलं पेव जिन्नाप्पा खोत वापरतात. गावातली बाकी सगळी हळद शीतगृहात जाते, हे मात्र हट्टाने दहा-बारा पोती पेवात ठेवतात. ते चैत्रात उघडायचं होतं. मी त्यांना जाऊन सांगितलं, त्रिशलाला उतरायचं आहे. त्यांनी कारण विचारलं नाही.

सकाळी सहाला तोंड मोकळं केलं आणि अकराला आम्ही गेलो. जिन्नाप्पांकडे हवा तपासायचं यंत्र आहे. त्यांनी ते दोरीने सोडलं, आकडा वाचला आणि मग कंदीलही सोडला.

"आता कंदील कशाला?" मी विचारलं.

"यंत्राची बॅटरी संपली तर ते गप बसतंय, विदूताई. कंदील विझतो तो दिसतो."

कंदील जळत राहिला. त्रिशलाने कमरेला दोर बांधला आणि शिडीवरून उतरली. मी तोंडाशी बसून हाका मारल्या, तिने उत्तरं दिली. दहा मिनिटांनी ती वर आली. केसांत हळद होती, पापण्यांवर हळद होती आणि चेहरा कोरा.

"धूळ हाय, पोत्यांचा वास हाय, कंदिलाचा धूर हाय. तू काढून टाकलं होतंस ते सगळं हाय," ती म्हणाली. "आणि माझी रचनाच वाजतीय."

जिन्नाप्पा दोर गुंडाळायला लागले. मी खड्ड्याच्या काळ्या तोंडाकडे बघत होते. चौगुले खलबत्त्यापाशी का बसले, तर राजमती तिथे बसायची. पण राजमती परत आली ती खलबत्त्यापाशी नव्हे. ती आली जिथे चौगुले स्वतः बसायचे तिथे, दगडावर, डोकं वाकवून.

"त्रिशला," मी म्हणाले, "तू लहानपणी कधी खाली उतरली होतीस?"

"न्हाई. अण्णा सोडायचाच न्हाई. मी वरच..." ती थांबली.

मी पदर खोचला.

"विदूताई, ह्या वयात?" जिन्नाप्पांनी दोर मागे घेतला. "गुडघं बदललेत तुमचं."

"म्हणूनच. नवे आहेत. बांधा."

शिडीच्या एकवीस पायऱ्या मी मोजल्या. खाली ऊब होती. वरचं तोंड परातीएवढं दिसत होतं आणि त्यात त्रिशलाचं डोकं. पायाखाली सांडलेली हळकुंडं खडखडत होती. घशात खवखव झाली, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे वासाचं काहीतरी जोरात चाललं असणार, मला आपलं काही कळलं नाही.

"आत्या, हाय का?"

"हो, आहे!" मी म्हणाले.

परातीतलं डोकं हललं नाही.

मी स्वतःचाच आवाज ऐकला आणि कळलं की चूक काय झाली. रेडिओ लागला होता. पस्तीस वर्षं जे घासून काढलं, तेच नेमकं इथे हवं होतं. मी डोळे मिटले. अण्णा कसा उभा राहायचा? पाय फाकवून, मान वर करून, पोटातून. आम्ही एका आईची लेकरं, गळा एकच होता. फोनवर लोक आम्हाला ओळखायला चुकायचे.

"हाय गंऽऽ!"

आवाज पेवाच्या पोटाला लागून फिरला, मोठा झाला, गोल झाला. मी मागे वळून बघितलं. अंधारात कंदील जळत होता, बाकी कुणी नव्हतं.

वर जिन्नाप्पांनी काहीतरी विचारलं. मग हुंदका ऐकू आला, आणि त्यामागून एक बारीक आवाज. पस्तीस वर्षांच्या बाईचा नव्हता तो.

"अण्णा, हाय का?"

"हाय गंऽऽ!"

"अण्णाऽ, हाय का?"

माझे गुडघे भरून आले होते आणि घसा हळदीने बसायला आला होता. तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. खाली वास कसा होता ते मला विचारू नका. मी मान वर करून उत्तर देत राहिले.